साळसकरांनी लॅपटॉप कोरा केला

"दुरुस्तीवाल्याकडे? मी?"

विद्याधरराव साळसकरांनी असा चेहरा केला, जणू त्यांना कुणी स्वतःच्या लग्नात भाड्याचा नवरदेव उभा करायला सांगितलं होतं! "अगो, चौतीस वर्षं ऑफिसातली मशीनं उघडली मी. टाइपरायटर, सायक्लोस्टाइल, फॅक्स! हा लॅपटॉप म्हणजे काय? झाकण असलेला टाइपरायटरच! तासाभरात सरळ करतो."

वनमालाताईंनी "बरं" म्हटलं. संसाराला बत्तीस वर्षं झाली की बाई "बरं" कशी म्हणते, ते वाचकांना सांगायला नको.

प्रकरण साधं होतं. वनमालाताई पालिकेच्या शाळेत मराठी शिकवून गेल्या वर्षी निवृत्त झाल्या होत्या. घरी बसून त्यांना करमेना. परदेशात वाढणाऱ्या मुलांना मराठी शिकवणाऱ्या एका संस्थेकडे त्यांनी अर्ज केला, आणि संस्थेनं रविवारी सकाळी अकराला नमुन्याचा एक तास घ्यायला सांगितलं. फोन चालणार नाही, कॉम्प्युटरच हवा, अशी अट. म्हणून विद्याधरराव मुलुंडहून खास घाटकोपरला गेले आणि खंडूच्या दुकानातून एक सेकंडहँड लॅपटॉप घेऊन आले. "काका, झकास पीस आहे!" खंडूनं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं.

पीस झकासच होता. फक्त त्याच्या आधीच्या मालकाचा जीव अजून त्यात अडकलेला होता. लॅपटॉप उघडला की तो म्हणे, "स्वागत, केयूर!" आणि दर अर्ध्या तासानं टिंग असा आवाज होऊन कोपऱ्यात एक चौकट उगवे : 'रुचिराला सॉरी बोल!!'

"ही रुचिरा कोण?" वनमालाताईंनी विचारलं.

"मला काय माहीत?"

"मग सॉरी कशाबद्दल?"

"मी कशाला सॉरी बोलू?"

"तेच विचारतेय मी!"

चौथ्या टिंगला वनमालाताई म्हणाल्या, "त्या केयूरला फोन करा नाहीतर रुचिराला, नाहीतर हा सरळ दुरुस्तीवाल्याकडे न्या. रविवारी पोरांसमोर हे उगवलं तर माझी शोभा होईल."

त्यावर विद्याधररावांनी दुरुस्तीवाल्याकडे जायला तो सुप्रसिद्ध नकार दिला आणि शुक्रवारी दुपारी जेवून, हात धुऊन, लॅपटॉपसमोर बैठक मारली. कारखान्यातून निघाला तेव्हा होता तसा कोरा करायचा, एवढंच काम. तशी सोयही आतच दिलेली होती.

"सगळं काढून टाकू?" यंत्रानं विचारलं.

"काढ!" विद्याधररावांनी बटण दाबलं.

"नक्की?"

"अरे, काढ म्हटलं ना! टाइपरायटरनं कधी दोनदा विचारलं नाही मला!"

यंत्र कामाला लागलं. दहा टक्के, तीस टक्के, चौसष्ट टक्के. चौसष्टवर मात्र ते रुसलं. पाऊण तास चौसष्ट! विद्याधररावांनी फुंकर मारली, पंखा लावला, शेवटी देवाजवळची उदबत्तीही फिरवली. मग पडद्यावर सूचना आली, की अडचण आली आहे, कोणताही बदल केलेला नाही. एवढं बोलून लॅपटॉप बंद पडला. परत चालू केला तर सगळा काळोख, आणि वरच्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ उघडझाप करतेय.

"बदल केलेला नाही म्हणतो आणि घरचं सामान घेऊन पळाला!" विद्याधरराव पुटपुटले. त्यांनी कंपनीनं सांगितलेलं रिकव्हरीचं बटण दाबलं. उत्तर आलं, की रिकव्हरी सापडत नाही. मग त्यांनी स्क्रूड्रायव्हर काढला. पाठीमागचं झाकण उघडलं. आत तेल घालण्यासारखं काही नव्हतं, घट्ट करण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी अदबीनं झाकण परत लावलं. एक स्क्रू उरला. तो त्यांनी कुणी बघायच्या आत खिशात टाकला.

शेवटी खंडूला फोन! खंडू कणकवलीला मावसभावाच्या लग्नात होता. मागे बँडबाजा चालू.

"काका, कारखान्याची रिकव्हरी जुन्या डिस्कवर होती! मी डिस्क बदलून नवीन टाकलीय ना!"

"मग आता?"

"दुसऱ्या कॉम्प्युटरवर विंडोज उतरवा. पेनड्राइव्ह बूटेबल करा. मग त्यावरून टाका."

"बूट टेबलावर?"

"बूटेबल! बूट-ए-बल!"

"अरे, पण बूट कशाला?"

"काका, वरात निघाली! सोमवारी या!" आणि खंडू बँडात विरून गेला.

सोमवारी जाऊन काय उपयोग? तास रविवारी! वनमालाताईंनी पाठाची तयारी म्हणून रंगीत चित्रं कापून ठेवली होती. आंबा, बैलगाडी, होडी. ती चित्रं बघून विद्याधररावांनी लॅपटॉपचं झाकण हळूच मिटलं. बाई गेल्या वर्षभरात पहिल्यांदाच गुणगुणत होती हो!

"झाला मां काम?" वनमालाताईंनी विचारलं.

"होतंय!" ते म्हणाले.

शनिवारी सकाळी त्यांनी खालच्या स्टेशनरीवाल्याकडून नवा पेनड्राइव्ह घेतला आणि सोसायटीच्या ऑफिसात गेले. बिल्डिंगमध्ये दुसरा कॉम्प्युटर म्हणजे तो एकच, आणि त्याचे मालक, चालक, पुजारी म्हणजे सेक्रेटरी श्यामसुंदर देवस्थळी. देवस्थळींचा नोटिशींवर फार जीव. 'जिन्यात मोठ्याने शिंकू नये' इथपासून 'गच्चीवर वाळत घातलेले पापड मोजून घ्यावेत' इथपर्यंत अकरा वर्षांच्या नोटिशी त्यांनी त्या कॉम्प्युटरवर जपून ठेवल्या होत्या. शिवाय कुणाची गाडी कुठे लावायची, ती पार्किंगची यादीही त्यातच. भिंतीवरची यादी मागच्या महिन्यात रंगकामात उतरली होती.

"वनमालाच्या शिकवण्याचं काम आहे," विद्याधरराव म्हणाले. यात खोटं एक अक्षर नव्हतं.

फोनवर एक व्हिडिओ लावून, थांबत, मागे जात, चष्मा पुसत, दोन तासांत त्यांनी पेनड्राइव्ह तयार केला. बूटेबल! बुटांचा काही संबंध नाही हेही कळलं. इतका आनंद त्यांना पहिला फॅक्स दुरुस्त केला तेव्हाही झाला नव्हता. इतक्यात फोन वाजला.

"बांगड्याचं तिखलं निवतंय. येताय, की मांजराला वाढू?"

विद्याधरराव धावतच सुटले. पेनड्राइव्ह तिथेच खोचलेला राहिला.

अडीच वाजता पोटावर हात फिरवत ते परत आले, तर देवस्थळी दारातच उभे. चेहरा असा, की जणू नातू झाला!

"साळसकर, या या! अहो, आपला कॉम्प्युटर बघा कसा पळतोय!"

"पळतोय?"

"मी रोज एक वाजता त्याला बंद करून परत चालू करतो. त्यालाही दम खाऊ द्यावा. आज चालू केला तर म्हणाला, कोणतंही बटण दाबा. मी दाबलं. मग म्हणाला, अटी मान्य? मी म्हटलं, सरकारी काम दिसतंय, मान्य! मग म्हणाला, इथे बसवता येत नाही. मग मी ते जुनं होतं ते सगळं डिलीट केलं आणि पुढे, पुढे, पुढे. कसा चकाचक झालाय!"

पडद्यावर निळंशार आभाळ पसरलं होतं. खाली एक कचऱ्याची टोपली. बाकी काहीही नाही.

विद्याधररावांनी पोटावरचा हात काढला.

"आणि... तुमच्या नोटिशी?"

"असतील ना आत कुठेतरी." देवस्थळींनी टोपली उघडून बघितली. रिकामी. "बहुतेक सरकारनं वरच्या वर नीट लावून ठेवल्या असतील."

आता सज्जन माणसानं इथे खरं सांगायला हवं होतं. विद्याधररावही सज्जनच. पण त्यांनी काय केलं? "हवा गरम आहे नाही आज?" असं म्हणत हळूच पेनड्राइव्ह उपटला आणि जिना गाठला!

घरी मात्र यंत्रानं ऐकलं. पेनड्राइव्ह लावून सुरुवातीचं बटण दाबताच लॅपटॉप सुतासारखा सरळ आला. वायफाय ओळखेना, तर फोन केबलनं जोडून त्यांनी तेही जुळवलं. चारच्या ठोक्याला लॅपटॉप तयार! ना केयूर, ना रुचिरा! वनमालाताईंनी होडीचं चित्र कॅमेऱ्यासमोर धरून बघितलं आणि त्यांच्या गालावर खळी पडली. "जमलं की हो तुम्हाला," त्या म्हणाल्या. बत्तीस वर्षांत असं प्रशस्तिपत्र दुसऱ्यांदा मिळत होतं. पण विद्याधररावांना ते गोड लागेना. खालून आवाज येऊ लागले होते ना!

यादी गेल्याची बातमी बिल्डिंगभर झाली होती. तिसऱ्या मजल्यावरच्या निलेशनं आपली गाडी थेट देवस्थळींच्या जागेत घातली. "यादी दाखवा, काढतो," असं तो थंडपणे म्हणाला. चौथ्या मजल्यावरच्या दिशानं दोन स्कूटर आडव्या लावून आपल्या जागेची हद्द आखली. बायका गॅलरीतून निकाल देत होत्या. सहा वाजता बेल वाजली. दारात देवस्थळी. सकाळचा ताठ माणूस आता भिजलेल्या पापडासारखा झाला होता.

"साळसकर, तुम्ही मशीनवाले. काहीतरी करा हो. अकरा वर्षं माझी... माझ्याकडे दुसरं आहे काय? निवृत्तीनंतर तेवढंच होतं." ते दाराच्या चौकटीला टेकले. "लोक हसतात माझ्या नोटिशींना. मला माहीत आहे. पण वाचतात तरी."

विद्याधरराव उभे राहिले. बसले. परत उभे राहिले.

"देवस्थळी, तो पेनड्राइव्ह माझा होता."

"कुठला पेनड्राइव्ह?"

"तुमच्या कॉम्प्युटरला खोचलेला. मी विसरलो. त्यातूनच ते सगळं आलं. सरकार वगैरे काही नाही. मीच."

स्वयंपाकघराच्या दारात वनमालाताई चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. कप किणकिणले.

"तुमचो हात लागलो काय वाट लागली म्हणून समजा!" त्या म्हणाल्या. रागावल्या की त्या थेट मालवणला पोचत.

देवस्थळी खुर्ची ओढून बसले. मग हळूच म्हणाले, "पण बटणं मी दाबली. डिलीटही मीच केलं. कमिटीला मी सांगितलंय, व्हायरस आला."

"मग मी तर व्हायरसचा बापच की हो!"

दोघांनाही एकदम हसू फुटलं. देवस्थळी हसतात, हे बिल्डिंगमध्ये कुणालाच माहीत नव्हतं!

"हसताय काय?" वनमालाताईंनी ट्रे आपटला. "नोटिशीच हव्यात ना? या इकडे."

त्यांनी स्वयंपाकघरातलं फडताळ उघडलं आणि डबे भराभर खाली काढले. प्रत्येक फळीवर, प्रत्येक डब्याखाली, कागद अंथरलेला. अकरा वर्षं दाराखालून सरकलेली एकही नोटीस वनमालाताईंनी फेकली नव्हती. "जाड कागद असतो तुमचा," त्या म्हणाल्या. "तेल पितो चांगलं."

देवस्थळी जमिनीवर बसले आणि एकेक नोटीस डोळ्यांशी नेऊ लागले. "ही शिंकेची! ही पापडांची! अहो, ही तर मीही विसरलो होतो!" साखरेच्या डब्याखाली पार्किंगची यादी निघाली. वर्तुळाचे डाग पडलेली, पण शाबूत. फक्त एका ओळीवर हळद सांडली होती. ती ओळ निलेशची निघाली.

"याला आता कुठे पाठवायचं?" विद्याधररावांनी विचारलं.

"गटारापलीकडे, भिंतीलगत," देवस्थळी शांतपणे म्हणाले. "मला स्पष्ट वाचता येतंय."

रविवार उजाडला. साडेदहाला वनमालाताई कांजीवरम नेसून, चित्रं हाताशी घेऊन तयार. लॅपटॉप टेबलावर झळकत होता. पडद्याच्या कोपऱ्यात एक इवलासा ठिपका दिसला. अपडेट आलंय, म्हणत होता.

"अजून अर्धा तास आहे," विद्याधरराव स्वतःशीच म्हणाले. "नव्या यंत्राला तेलपाणी नको?" आणि बटण दाबलं!

दोन टक्के. तीन टक्के. 'कृपया बंद करू नका.' अकराला सात मिनिटं कमी, तेव्हा चार टक्के.

वनमालाताईंनी चित्रं उचलली, चपला घातल्या आणि जिना उतरल्या. खाली देवस्थळींचा कॉम्प्युटर होता. कोरा, चपळ, लॉकडाऊनच्या सभांसाठी घेतलेल्या कॅमेऱ्यासकट. देवस्थळींनी स्वतः खुर्ची पुसून दिली.

विद्याधरराव वर अडकून पडले. बंद करू नका म्हटलंय, मग सोडून कसं जायचं? एकतीस टक्क्यांना खिडकीतून आवाज आला. वनमालाताई ळ शिकवत होत्या. "जीभ वर वळवा! म्हणा, ळ!" स्पीकरमधून कुठली तरी परदेशी पोरं ओरडली, "ल!" मग "र!" आणि मग एका पोरीला एकदम जमलं, "ळ!" ऑफिसबाहेर जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"आता शब्द. घोळ!"

"घोळ!" पोरं, आणि त्यात देवस्थळींचाही आवाज.

"गोंधळ! घोटाळा!"

"आजी, तुमचं आडनाव काय?"

"साळसकर. आमच्या घरी ळ फार."

बारा वाजून पाच मिनिटांनी लॅपटॉपचे शंभर टक्के झाले. त्याच वेळी वनमालाताई दारात आल्या. गाल लाल, पदर खांद्यावरून घसरलेला, डोळे चमकत.

"झाली निवड! दर शनिवार-रविवार, दोन तास!"

"वा! आणि हा बघ," विद्याधररावांनी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला, "हाही एकदम तयार झालाय!"

"तो तुमच्याकडेच राहू दे," ताई म्हणाल्या. "ऑफिसचं मी देवस्थळींशी ठरवून आले. त्यांचा कॉम्प्युटर फार छान चालतो हो. कुणी बसवून दिला, असं त्या संस्थेच्या बाई विचारत होत्या."

"मग तू काय सांगितलंस?"

"देवस्थळींनी, म्हटलं."

विद्याधररावांनी लॅपटॉप परत स्वतःकडे वळवला. मग पत्त्यांचा डाव उघडला आणि एकट्यानं खेळायला बसले.

तोही हरले.