वरच्या खणातले मळके कप

"गुन्हेगाराला मी कधीच दिसत नाही. मी फक्त त्याच्या मनात येतो आणि त्याची झोप उडते," असं म्हणत मामांनी बेल समजून जिन्यातल्या दिव्याचं बटण दाबलं. जिन्यात अंधार झाला. भाच्याने चाचपडत खरी बेल शोधली.

मामांची सगळी नोकरी इमारतींच्या लिफ्ट तपासण्यात गेली होती. वर जाणाऱ्याचा आणि खाली येणाऱ्याचा चेहरा ज्याने इतकी वर्षं वाचला, त्याच्यापासून जगात काय लपणार, असा त्यांचा सवाल असे. निवृत्त झाल्या दिवशीच त्यांनी स्वतःला 'घरगुती गुन्ह्यांचे अन्वेषक' अशी पदवी बहाल करून टाकली. आजवर त्यांच्या हातून एकच प्रकरण सुटलं होतं, एका हरवलेल्या छत्रीचं. ज्या गृहस्थांकडे ती विसरली होती, त्यांनीच ती आणून दिली होती. भाचा चष्म्याच्या दुकानात कामाला होता, म्हणजे घरात भिंग आणू शकणारा तो एकटाच. तेवढ्या पात्रतेवर त्याची सहायक म्हणून नेमणूक झाली होती. त्याला विचारण्याची पद्धत नव्हती.

आजचं प्रकरण त्याच्या सख्ख्या बहिणीच्या घरचं होतं. ताईकडे नवा डिशवॉशर आला होता आणि त्यातून कप, वाट्या, पेले जसे आत जात तसेच मळके बाहेर येत. खालच्या खणातली ताटं मात्र लख्ख. ताईच्या मते सासूबाई भांडी दाटीवाटीने कोंबत होत्या. सासूबाईंच्या मते सूनबाई पावडर टाकायला हात आखडत होती. दोघी एकेक दिवस आळीपाळीने मशीन लावत आणि दुसऱ्या दिवशी दुसरीने लावलेल्या मळक्या कपांकडे बघून नुसता सुस्कारा सोडत. सुस्काऱ्यांवरून टोमणे, टोमण्यांवरून अबोला. शेवटी सासूबाईंनी जाहीर केलं होतं, की उद्या त्या थोरल्या मुलाकडे जाणार, आणि पुन्हा यायच्या नाहीत.

"त्या गेल्या तर मला घर खायला उठेल रे," ताई फोनवर रडली होती. "पण हे त्यांना सांगू कशी? आम्ही बोलतच नाही ना!"

भाच्याने तिला मेकॅनिक बोलवायला सांगितलं होतं. दुर्दैवाने तेव्हा मामा शेजारी बसून दोन्ही कानांनी ऐकत होते.

दार भावजींनी उघडलं. ताईचे यजमान दातांचे डॉक्टर होते आणि कुणाच्याही दुखऱ्या जागेला हात लावायचा नाही, हा नियम ते फक्त घरी पाळत. "या, या," ते म्हणाले. "मी यात नाही. मी कुणाचीच बाजू घेत नाही."

"तुमच्यावर संशय नाही," मामांनी त्यांना अभय दिलं. "जो माणूस दुसऱ्याच्या तोंडात हात घालतो, तो स्वच्छतेचा शत्रू असूच शकत नाही."

स्वयंपाकघरात ओट्याच्या एका टोकाला ताई उभी होती, दुसऱ्या टोकाला सासूबाई. मध्ये डिशवॉशर. मामा त्याच्यापुढे गुडघे टेकून बसले आणि आदल्या रात्रीच्या कपांवरून भिंग फिरवू लागले.

"अरे, हे बघ! कपांच्या सगळ्या रांगा मळक्या, पण ही मधली एकच रांग चकचकीत. याचा अर्थ काय?"

"तिथपर्यंतच पाणी पोचलं असेल," भाचा म्हणाला.

"बाळबोध! अर्थ असा, की गुन्हेगाराची या रांगेवर माया आहे." मामांनी रांगेतला एक कप उचलला. "हा कप कुणाचा?"

"माझा," सासूबाई म्हणाल्या.

मामांनी सूचक नजरेने सगळ्यांकडे पाहिलं. सासूबाईंनी त्याहून सूचक नजरेने मामांकडे पाहिलं, तसा मामांनी कप खाली ठेवला आणि लगबगीने दुसरा उचलला. तो ताईचा निघाला. तिसरा भावजींचा. चौथा पाहुण्यांसाठी ठेवलेला होता.

"म्हणजे टोळी आहे," मामा म्हणाले.

मग एकामागून एक निष्कर्षांची रांग लागली. आधी त्यांना पावडर बदललेली वाटली. त्यांनी ती चिमटीत घेऊन जिभेवर ठेवली आणि बराच वेळ तोंडाला फेस येत असतानाही ती अस्सल असल्याची ग्वाही दिली. नंतर वरच्या मजल्यावरचे शेजारी नळाचं पाणी वरच्यावर ओढून घेत असल्याचा शोध लागला. पण वरच्या मजल्यावर गच्ची होती. शेवटी संशय मशीनवरच आला. लिफ्टसुद्धा तपासनीस आल्यावर शहाण्यासारखी वागते आणि तो गेला की अडकते, यंत्रांची जातच लबाड, असं मामांचं अनुभवसिद्ध मत पडलं. त्यांनी मशीनला तोंडावर दोन खोचक प्रश्न विचारले. मशीन गप्प राहिलं, याची त्यांनी खास नोंद घ्यायला लावली.

"मामा, मेकॅनिक बोलवू का?" ताई रडकुंडीला आली.

"मेकॅनिक यंत्र उघडतो, मी माणूस उघडतो," मामा म्हणाले. "आता गुन्ह्याची रंगीत तालीम. रोज जे जे करता ते ते माझ्यासमोर करा. कुणी काही लपवायचं नाही."

दुपारच्या जेवणाची भांडी पडलेली होतीच. आज पाळी ताईची होती. तिने ताटं खाली लावली, कप आणि वाट्या वरच्या खणात पालथ्या घातल्या, पावडर भरली. सासूबाई तिच्या हातांकडे टक लावून बघत होत्या आणि काही बोलायचं नाही म्हणून त्यांनी पदर घट्ट धरून ठेवला होता. काढण्यासारखी एकही चूक नव्हती, हे त्यांच्या चेहऱ्यावर भाच्याला स्पष्ट दिसलं. त्याला दोघींचीही कीव आली.

"पुढे?" मामा म्हणाले.

"पुढे मी बाहेर जाते. बटण हे दाबतात."

भावजी पुढे आले. त्यांनी दवाखान्यात न्यायची आपली उंच पाण्याची बाटली आणली, खालच्या खणात ताटांच्या मध्ये उलटी उभी केली, दार लावलं, बटण दाबलं आणि स्वयंपाकघराचं दारही ओढून घ्यायला निघाले.

"तुम्ही मध्ये येऊ नका हो, तुम्ही संशयित नाही," मामांनी त्यांना बाजूला केलं. "हां, सगळे शांत! आता यंत्र कबुली देईल."

मशीनमध्ये पाणी भरलं. घरघर सुरू झाली. आणि मग आतून आवाज आला. टक. थोड्या वेळाने पुन्हा, टक.

"मशीनच्या काळजाचे ठोके," मामा कुजबुजले. "घाबरलंय."

"कसले ठोके!" सासूबाई एकदम म्हणाल्या. "अगं, आत काहीतरी आपटतंय. उघड, उघड लवकर!"

ताईने दार उघडलं. वाफ बाहेर आली. वरच्या खणाच्या खाली पाणी फवारणारा लांबट पंखा होता, आणि तो भावजींच्या बाटलीला टेकून अडला होता. म्हणजे रोज त्याचं पाणी वरच्या एकाच रांगेवर पडत होतं. ताईने बाटली काढून घेतली. सासूबाईंनी एका बोटाने पंखा ढकलला, तसा तो गर्रकन फिरला.

सगळ्यांनी भावजींकडे पाहिलं.

"माझी बाटली?" भावजी म्हणाले. "पण ती तर रोज स्वच्छ निघते! सकाळी लवकर जाताना मी घेऊन जातो."

"आणि आम्ही उठून बघतो तर मळके कप!" ताई म्हणाली. "इतके दिवस आम्ही एकमेकींना खात होतो आणि तुम्ही म्हणत होतात, मी कुणाची बाजू घेत नाही!"

"कशी घेईल? सगळं याचंच तर होतं," सासूबाई म्हणाल्या. दोघी एका सुरात बोलताहेत, हे भावजींच्या लक्षात आलं आणि त्यांना अचानक एक पेशंट आठवला. ते सुट्टीच्या दिवशी दवाखान्यात गेले.

मामांनी भिंग पुसून खिशात ठेवलं. "निरपराध दिसणाऱ्या माणसाला मी मुद्दाम मोकळं सोडतो," ते म्हणाले. "त्यामुळे तो बेसावध राहतो." भाच्याने मान डोलावली, कारण पगारी नोकरीपेक्षा बिनपगारी नोकरीत मान जास्त डोलवावी लागते.

ओट्यापाशी दोघीच उरल्या.

"आई," ताई सासूबाईंकडे वळून म्हणाली, "तुम्ही उद्या जाऊ नका. मला तुमच्याशिवाय करमायचं नाही. मी वाट्टेल ते बोलले, माझं चुकलं."

सासूबाईंनी नाक पुसलं. "मी तरी कुठे मनापासून निघाले होते? तू थांबा म्हणशील म्हणून वाट बघत होते. तू म्हणेनास." मग त्यांनी पदर खोचला. "राहते मी. पण आता मशीन मीच लावणार. तू लावलेलं मला पटत नाही."

त्यांनी ओट्यावर राहिलेले दोन पेले घेतले, वरच्या खणातले कप सरकवून त्यांच्यासाठी जागा केली आणि समाधानाने बाहेर गेल्या. एक कप तिरका होऊन त्यात पाणी साठेल असा राहिला होता. भाच्याने आपल्या बहिणीकडे पाहिलं. लहानपणापासून तिने त्याची दप्तरंसुद्धा पुन्हा आवरली होती. तिचा हात आपोआप त्या कपाकडे गेला. क्षणभर तिथेच थांबला. मग तिने तो मागे घेतला, कप होता तसाच ठेवला आणि बटण दाबलं.