पाठीवरच्या रेघा

निवड चाचणीच्या सकाळी विसेसो फक्त एवढंच म्हणाला, की पोटात कसंतरी होतंय. बोलला आणि फसला. त्याची आई, बु सुमिरा म्हणजे सुमिराबाई, हिनं भाताची पळी खाली ठेवली आणि डब्यातलं जुनं बोथट नाणं काढलं. आमच्या सोलो शहरात कुणाला काहीही होवो, निदान एकच, अंगात वारं शिरलं. उपायही एकच. पाठीला बाम चोळायचा आणि नाण्यानं खरडून वारं बाहेर काढायचं.

विसेसोनं परोपरीनं सांगितलं, की आज पाण्यात उतरायचंय, पाठ उघडी पडणार. पोहण्याच्या दार्सोनो सरांचा नियम होता, पाठीवर रेघा म्हणजे पोरगं आजारी, आणि आजारी पोरगं पाण्यात नाही. जिल्ह्याच्या संघात दोनच जागा होत्या, आणि त्यासाठी हा चौदा वर्षांचा मुलगा वर्षभर पहाटे उठत होता.

"पालथा हो," आई म्हणाली.

आईपुढे कुणाचं काय चालणार! पाच मिनिटांत पाठीवर माशाच्या काट्यासारख्या लाल रेघा उमटल्या. खरं तर त्याला जरा बरंही वाटलं, पण कबूल कोण करतंय.

रेघा झाकायला त्यानं पावडर थापली, तर बामात तिचा चिखल झाला. तो पुसला, तर रेघा आणखी लाल. या गडबडीत नाश्ता राहिला तो राहिलाच. शेवटी वडिलांचं मोटरसायकलचं जाकीट गळ्यापर्यंत बंद करून, भर उन्हात घामाघूम होत तो तलावावर पोचला.

तिथं बाकीची पाच पोरंही गुंडाळूनच उभी. कुणी टॉवेलात, कुणी रेनकोटात. विसेसोला वाटलं, यांना थंडी वाजतेय. स्वतःच्या बामाच्या वासात त्याला दुसऱ्यांचा कळेना.

सरांनी शिट्टी मारली आणि सगळं काढायला सांगितलं. कुणी हलेना. न काढणारा घरी जाईल, असं ऐकल्यावर विसेसोनं डोळे मिटून चेन ओढली. गेलं वर्ष वाया, असं वाटून त्याला रडूच आलं. डोळे उघडले, तर बाकीच्यांनीही सगळं काढलेलं, समोर ओळीनं पाठी, आणि एकूण एक रेघांनी भरलेल्या. काय त्या आया! एकमेकींना न विचारता सगळ्यांचं एकच.

सरांनी एकेक पाठ निरखून पाहिली. मग त्यांनी विचारलं, सकाळी खाऊन कोण आलंय? एकही हात वर गेला नाही.

"भीती वाटतेय, त्यात पोट रिकामं. कसंतरी होणारच. भीती मलाही वाटायची, लाजायचं काय त्यात?"

असा माणूस भेटायला नशीब लागतं. त्यांनी स्वतः जाऊन केळी आणली, पोरांना अर्धा तास सावलीत बसवलं, आणि नियमाचं नावही काढलं नाही. विसेसो टीचभर अंतरानं दुसरा आला.

यादीत त्याचं नाव लिहायला सर खाली वाकले, तेव्हा त्यांची कॉलर सरकली. मानेवर तीन ताज्या लाल रेघा होत्या.

"सर, तुम्हीसुद्धा?"

सरांनी कॉलर वर ओढली.

"बावन्न वर्षांचा आहे मी," ते हळूच म्हणाले. "पण आई 'पालथा हो' म्हणाली."