पेशकारसाहेबांची मंदी

दिगंबरराव पेशकारांच्या घरी चूल पेटली नाही, की भूममधली आमची गल्ली ओळखायची: मुंबईत कुठल्या तरी गिरणीचा भाव पडला.

भाव पडायचा मुंबईत, उपास घडायचा भूममध्ये. आणि त्या गिरणीचा एकसुद्धा शेअर दिगंबररावांच्या मालकीचा नव्हता. बार्शीच्या एसटीनं आदल्या दिवशीचं वर्तमानपत्र यायचं. त्यातले भाव वाचून ते लाल पुठ्ठ्याच्या एका वहीत शेअर घ्यायचे आणि वहीतच विकायचे. पैसा खोटा, भाव खरे, आणि दुःख तर अगदीच खरं. एकदा त्यांनी कापडगिरणीत अकरा हजार घालवले आणि दोन दिवस नुसत्या ताकावर काढले. तिसऱ्या दिवशी कुठल्याशा कारखान्यानं बोनस जाहीर केला, तेव्हा गल्लीभर गूळ-शेंगदाणे वाटले. ते शेंगदाणे मात्र रोख पैसे देऊन आणलेले. सगळ्या उलाढालीत त्यांच्या पदरचं जायचं ते एवढंच.

मी त्यांच्या पुढच्या खोलीतला भाडेकरू. मूळचा मालवणाकडचा. पाचवीत गणिताच्या पुस्तकात व्याज आलं आणि माझी शाळा संपली. वडीलही त्याच साली गेले, पण लोकांना मी व्याजाचंच कारण सांगतो. त्यात निदान हसता येतं. एका ओळखीच्या शिंप्याच्या मागं फिरत फिरत भूमला आलो आणि एका कापडदुकानाच्या ओसरीवर सदरे शिवायला बसलो. मशीन दुकानदाराचं, पाय माझे.

पहिल्याच महिन्यात मी तापानं अंथरुणाला खिळलो. ज्वारीची भाकरीसुद्धा धड तोडता न येणाऱ्या या परक्या माणसाला दिगंबररावांनी एकवीस दिवस पेज करून घातली. बायको वारलेली, मूलबाळ नाही, त्यामुळं पेज स्वतःच करायचे आणि वर्तमानपत्र वाचता वाचता ती करपवायचे. त्या करपलेल्या पेजेच्या उपकारापोटी मी पुढं दोन वर्षं रोज संध्याकाळी बाजारभाव ऐकला.

"कोकणपंत, दर्शनी किंमत दहा आणि बाजारात बावीस! याचा अर्थ ध्यानात आला?"

मी मान हलवायचो. नाही म्हणालो तर हा अडाणी म्हणून खोली खाली करायला सांगतील, अशी मला धास्ती. म्हणून मी मान हलवण्याच्या दोन-तीन तऱ्हा बसवल्या होत्या. लाभांशाला हळू, बोनसला जोरात, आणि चक्रवाढीला डोळे मिटून.

शेजारची कासूबाई शेळ्या राखायची आणि आम्हाला दूध घालायची. तिला असली भीड नव्हती. दूध मापता मापता ती सरळ विचारायची, "पेशकारसाब, त्ये शेअर म्हंजी काय वो? आमास्नी कळंल असं सांगा की."

दिगंबरराव निजामी अमदानीत तहसिलीत पेशकार होते. साहेबापुढं कागद मांडून त्यातली खाचखोच समजावणं हा त्यांचा जन्माचा पेशा. ते खूश व्हायचे. "बघ कासू, दहा जणांनी मिळून दहा शेळ्या घेतल्या. त्यातली एक तुझी. ती कुठली हे ठरलेलं न्हाई, कळपातला दहावा हिस्सा तुझा. हा शेअर. वर्षाला दूध-करडं विकून जे आलं त्यातला दहावा वाटा, तो लाभांश. वाटा घरी न नेता त्याची पुन्हा शेळी घेऊन कळपात सोडलीस, तिला करडं झाली, त्या करडांना करडं झाली, ही चक्रवाढ."

"आन लांडगा आला म्हंजी?"

"ती जोखीम."

"आन मंदी?"

"मंदी म्हणजे बाजारात शेळीला गिऱ्हाईक न्हाई. शेळीला काही झालेलं नसतं. ओरडतात ती माणसं."

"आन तुमी उपाशी ऱ्हाता," कासूबाई म्हणायची. "कागदाच्या शेळीपायी! बोनस सांगायचा तेवढा ऱ्हायला."

"एका करडाच्या जागी तीन."

"आमच्या शेळ्या तीन-तीन देत्यात. आमी कवा शेंगदाणं वाटलं न्हाय, बाबा!"

तिला सगळं कळलं. मी दोन वर्षं डोळे मिटून चक्रवाढ ऐकत होतो, आणि तिनं ती एका शेर दुधात उरकली.

अशा या माणसाच्या भरवशावर मी आयुष्यातला एकमेव डाव खेळायला निघालो. माझ्याजवळ दोनशे रुपये साठले होते. आई गावाकडं मामाच्या दारात भांडी घासून दिवस काढत होती. स्वतःचं मशीन झालं असतं तर वेगळा बसलो असतो, तिला घेऊन आलो असतो. मशीन तीनशेचं. मशीनवाला म्हणाला, "उरलेल्या शंभराचे हप्ते करू, पण जामीन आण. परमुलखातला माणूस तू, मशीन डोक्यावर घेऊन कोकणात उतरलास तर मी कुठं शोधू?" जामीन राहा, असं कुणाला म्हणायला माझी जीभ रेटेना. त्यापेक्षा दोनशेचे तीनशे करणं मला सोपं वाटलं. यावरून माझं व्याजाचं गणित कितपत होतं ते ध्यानात यावं.

मी पैसे रुमालात बांधून दिगंबररावांपुढं ठेवले. "तुमच्या वहीत सिमेंटची कंपनी चढतेय ना, तिचे शेअर घेऊन द्या."

एका वाक्यात पाच हजारांचा सौदा करणारा माणूस त्या रुमालाकडं विंचू बघावा तसा बघत राहिला.

"हे... खरे हायत?"

"खरेच की."

"एका सदऱ्याला काजं किती पडतात हो?"

"सहा-सात."

दोनशे रुपयांची काजं ते बोटांवर मोजायला लागले, मध्येच थांबले. मग शेअर कशाला हवेत, असं विचारलं. मी आईचं सांगितलं, मशीनचं सांगितलं, जामिनाचंही सांगितलं. त्यांनी रुमाल माझ्याकडं सरकवला. "न्हाई. मी घेणार न्हाई."

मला राग आला. भित्र्या माणसाचा राग वाईट, तो नको तिथं निघतो. मी म्हणालो, "तुमची अक्कल वहीपुरतीच. दुसऱ्याचं भलं करायची वेळ आली, की हात आखडला!"

ज्यानं मला पेज भरवली त्याला मी हे म्हणालो. आजही आठवलं, की सुई बोटात गेल्यासारखं होतं.

त्यांनी लाल वही उचलून कोनाड्यात ठेवली. मग म्हणाले, "एकदा खरे घेतले होते. हिच्या पाटल्या मोडून. चार पानांचा इंग्रजी कागद होता. मला त्यातलं निम्मं कळलं न्हाई. पण तहसिलीचा पेशकार मी, दहा गावं माझ्याकडून कागद समजून घ्यायची, मी कुणाला विचारू? मान हलवली आणि सही केली. कंपनी बुडाली. ही पुढं सात वर्षं होती. एका शब्दानं बोलली न्हाई. चार बायकांत बसली की हात तेवढे पदराखाली घ्यायची."

मी रुमाल उचलून खिशात घातला.

"तुम्ही मान हलवता ना, कोकणपंत, ती मला पहिल्या दिवसापासून ओळखू येते. चला, टोपी घाला."

आम्ही मशीनवाल्याकडं गेलो. त्यानं जामिनाचा कागद लिहून पुढं केला. दिगंबररावांनी तो तसाच परत दिला. "वाचून दाखवा. एकेक शब्द. जिथं कळणार न्हाई तिथं थांबवीन."

"साहेब, तुम्हाला काय वाचून दाखवायचं? तुम्हाला सगळं ठाऊक."

"मला ठाऊक न्हाई," ते भर दुकानात मोठ्यानं म्हणाले. चार गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.

त्यांनी पाचदा थांबवलं. सहाव्यांदा मी थांबवलं. ‘हप्ता थकल्यास’च्या पुढचं मला कळलं नव्हतं. मशीनवाल्यानं सांगितलं: यानं भरलं नाही तर ते पेशकारांनी भरायचं. दिगंबरराव म्हणाले, "कळलं. पुढं."

"पुढं नातं लिहायचंय. भाडेकरू लिहू?"

सहीसाठी दौतीत टाक बुडवून दिगंबरराव तसेच थांबले. शाईचा थेंब टपकन कागदावर पडला. त्यांनी तो करंगळीनं टिपला आणि म्हणाले, "घरचा लिहा."