अर्धा ण

"रवळ्या, तुला कानडी येतंय न्हवं?"

शामूनं हे आपल्या मागावरून विचारलं, आणि शेजारच्या मागावर धोटा फेकणाऱ्या रवळूनं मान न वळवता उत्तर दिलं, "हौद्री!"

झालं! पुढच्या सगळ्या भानगडीचं मूळ ते हेच. रवळूला कानडी येत नव्हतं. सारा जन्म वडगावात गेला, पेठेतला निम्मा व्यवहार कानडीत चालायचा, पण रवळूची मजल बेकू, बेडा, येष्टू, म्हणजे हवं, नको, किती, आणि हौद्री यापुढं गेली नव्हती. त्यातही 'हौद्री', म्हणजे 'होय जी', हा त्याचा हुकमाचा एक्का. 'मला येत नाही' हे वाक्य मात्र त्याच्या तोंडातून कधी बाहेर पडलं नव्हतं. पोहता येतं का विचारलं तेव्हाही तो "येतंय की" म्हणाला होता, आणि मग शामूनं त्याला केसाला धरून विहिरीतून वर काढला होता. तरी खोड जाईल तर शपथ.

दारात शामूचे नागोजीमामा उभे होते. मामांचा जन्म जांबोटीच्या बाजूला लुगडी विकत फिरण्यात गेलेला. कानडीचा एक शब्द कानावर पडला की त्यांना घाम फुटायचा. ते म्हणाले, "येतंय ना नक्की? मग चल. न्हायतर मी दुसरा कोणतरी बघतो."

"मामा, काळजीच करू नगा," रवळू म्हणाला. "कानडी म्हंजे आपल्या हातचा मळ."

काम साधं होतं, पण नाजूक होतं. शामूसाठी मुलगी बघायला चिकोडीकडच्या एका खेड्यात जायचं होतं. मुलगी अंजनी, मल्लाप्पाची लेक. पेठेतली बायाक्का ही तिची आत्या. गेल्या पंचमीला अंजनी आत्याकडे येऊन राहिली होती, आणि तिला समोरच्या दारात बघून शामूच्या हातातली सुताची कांडी गटारात पडली होती. तेव्हापासून गडी धड जेवत नव्हता. एक शब्द बोलला नाही तिच्याशी. तो कुणाशीच बोलत नसे. त्याच्या वाटचं सगळं रवळू बोलायचा.

बायाक्कानं निघताना बजावलं होतं, "माझा बाप यमनाप्पा हाय न्हवं, त्याच्या हुकमाबिगर त्या घरात पान हालत न्हाय. सहा महिने झालं, हातरुणाला खिळलाय, पर जीभ शाबूत हाय. त्यानं व्हय म्हटलं तर झालं. न्हाय म्हटलं तर येत्या सोमवारी गोकाकचा बिजवर येतोय बघायला. मग बसा बोंबलत."

"बिजवर!" असं म्हणून शामू भिंतीला टेकला होता.

बायाक्कानं रवळूला एक वाक्यही शिकवलं. "हेण्ण नोडाक बंदीव्रि. म्हंजे मुलगी बघाय आलोय. हेण्ण! नीट म्हण. ण वर जोर दे."

"हेण्ण," रवळू म्हणाला. "आक्का, मला काय शिकवतीस?"

सर्व्हिस मोटार निघाली. लढाई सुरू व्हायच्या आधीचे दिवस ते. रस्ता कसला, नुसते खड्डे. प्रत्येक खड्ड्याला रवळू ते वाक्य घोकत होता. मामांचं डोकं टपाला आपटत होतं, शामूचा चेहरा मेणासारखा झाला होता, आणि रवळूच्या वाक्याचे टाके एकेक करून उसवत होते. मोटारीतून उतरून कोसभर चालत ते गावाच्या वेशीशी पोचले, तोवर त्या 'हेण्ण'मधला अर्धा ण कुठल्या खड्ड्यात पडला होता, ते देवाला ठाऊक.

वेशीजवळच्या कट्ट्यावर चार म्हातारे बसले होते. रवळूनं पटका सारखा केला आणि खड्या आवाजात मल्लाप्पाचं घर विचारलं, "मल्लाप्पन मनी येल्लैत्री? हेण नोडाक बंदीव्रि!"

चौघे म्हातारे एकदम उठून उभे राहिले. एकानं चिलीम विझवली. दुसऱ्यानं डोक्यावरचं मुंडासं काढून हातात घेतलं आणि घोगऱ्या आवाजात काहीतरी विचारलं.

"हौद्री," रवळू म्हणाला.

तिसऱ्यानं आणखी काहीतरी विचारलं. "हौद्री, हौद्री," रवळूनं त्यालाही खूश केलं. म्हाताऱ्यानं कपाळावर हात मारला, "अय्यो शिवने" म्हणाला आणि बोटानं घर दाखवलं.

"बघितलंसा मामा?" चालता चालता रवळू छाती फुगवून म्हणाला. "मुलगी बघाय आलोय म्हटल्यावर सगळी उभी ऱ्हायली. असा मान तुमच्या जांबोटीत देतील का?"

"मानलं बाबा तुला," मामा म्हणाले.

शामू मात्र मागं वळून बघत होता. "रवळ्या, त्यातला एकजण रडत होता रं."

"आनंदानं रडत असंल. पोरगी गावाची लाडकी हाय, म्हणून."

मल्लाप्पानं हात जोडून स्वागत केलं. सोप्यावर घोंगडी अंथरली होती. पाय धुवायला पाणी आलं, गूळपाणी आलं, उप्पीट आलं. मल्लाप्पा एकेक शब्द तोलून कानडीत बोलायचा, रवळू हौद्री म्हणायचा, आणि मामा उप्पिटाचा घास घेत मान डोलवायचे. आतल्या खोलीतून अधूनमधून खोकला ऐकू येत होता. तो आवाज आला की शामू ताठ बसायचा. आपला निकाल त्या खोकल्याच्या हातात आहे, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

मग अंजनी पानसुपारीचं ताट घेऊन बाहेर आली. खाली मान, हिरवं लुगडं. शामूनं एकदा बघितलं आणि लगेच आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघायला लागला. रवळूनं त्याला कोपरानं ढोसलं. "बघ की रं! अंगठा घरी गेल्यावर बघ."

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाला हंबरडा फुटला.

बायकांचा घोळका ऊर बडवत दारातून आत घुसला. त्यांच्या मागं हलगी, हलगीच्या मागं दोन हिरवेगार बांबू खांद्यावर घेतलेला भरमू नावाचा शेजारी, त्याच्या मागं मडकं घेतलेला कुणीतरी, आणि त्याच्या मागं अर्धा गाव. मल्लाप्पाची बायको स्वयंपाकघरातून धावत आली, त्या बायकांना रडताना बघून तिनंही मोठ्यानं हंबरडा फोडला, आणि मग कशासाठी ते त्यांनाच विचारलं. उत्तर ऐकताच ती आतल्या खोलीकडे पळाली. मल्लाप्पाच्या हातातला अडकित्ता खाली पडला.

"हे काय रं?" मामा घास धरलेला हात तसाच ठेवून म्हणाले. "ह्यांच्यात मुलगी दाखवायची अशी रीत हाय?"

गर्दीतून कट्ट्यावरचा तो घोगरा म्हातारा पुढे आला आणि त्यानं थेट रवळूवर बोट रोखलं. तो मल्लाप्पाला काहीतरी सांगत होता. त्या सांगण्यातले फक्त तीन शब्द रवळूला कळले, कारण ते त्याचेच होते: "हेण नोडाक बंदीव्रि."

"हेण?" अंजनीच्या तोंडून निघालं. ताट कलंडलं, सुपाऱ्या सोपाभर घरंगळल्या.

बायाक्काचा आवाज आता रवळूच्या कानात घुमला: ण वर जोर दे. बाजारात ऐकलेला, कधीच लक्ष न दिलेला एक शब्द त्याला आठवला. हेण्ण म्हणजे मुलगी, आणि हेण म्हणजे मढं! पाहुणा येतो, घरात म्हातारा आजारी आहे हे साऱ्या गावाला माहीत, आणि तो म्हणतो मढं बघायला आलोय. कधी गेला विचारलं तर हौद्री. सकाळी गेला का विचारलं तरी हौद्री! बिचाऱ्या गावानं दुसरं काय करायचं? लुगड्याच्या काठात एक धागा चुकला की अख्खं लुगडं वाया जातं, इथं तर अख्खं लगीनच वाया चाललं होतं.

मल्लाप्पाचे डोळे लाल झाले होते. मुलगी बघायच्या दिवशी घरात रडारड, दारात तिरडीचे बांबू! यापेक्षा वाईट अपशकुन कुठला असणार? तो एकेक पाऊल टाकत पाहुण्यांकडे आला. हलगी थांबली. गर्दी घोंगडीभोवती आवळत आली.

"काय म्हणत्यात रं?" मामांनी रवळूचा सदरा ओढला. "सांग की! तुला येतंय न्हवं?"

आणि अशा वेळी, ज्यानं जन्मात परक्या माणसासमोर तोंड उघडलं नव्हतं, तो शामू उठून उभा राहिला.

"मी बोललो," तो म्हणाला. "चूक माझी हाय. काय मारायचं ते मला मारा."

रवळूनं आ वासून त्याच्याकडे बघितलं. गाढवा! सगळे सोडून तू कशाला म्हणतोस? तुझंच तर लगीन आहे! त्याला रडूच कोसळायला आलं. त्यानं शामूला मागं खेचलं.

"खोटं बोलतोय ह्यो! मी बोललो. ह्याला बोलाय येतच न्हाय."

"मी बोललो म्हणतो न्हवं?"

"गप रं शाम्या! मर की जरा गप!"

"कोण मेलंय?" आतून आवाज आला.

सगळ्यांच्या माना वळल्या. आतल्या दारात, अंगाभोवती घोंगडं, हातात काठी, सहा महिने जमिनीला पाय न लावलेला यमनाप्पा उभा होता. पुढच्या बायकांनी अशी किंकाळी फोडली की मघाचं रडणं त्यापुढं काहीच नव्हतं. मडकंवाल्याच्या हातून मडकं फुटलं. सून मागून धरायला आली तर म्हाताऱ्यानं तिला झिडकारलं आणि एकेक पाऊल टाकत येऊन तो घोंगडीच्या मधोमध बसला. त्यानं गर्दीवरून नजर फिरवली. कोण किती रडलं, ते चेहऱ्यावरून मोजून घेतलं. बांधाच्या भांडणावरून बोलणं टाकलेल्या भरमूचे गाल ओले होते. ते बघून म्हातारा हळूच हसला.

मग त्यानं काठीचं टोक रवळूच्या छातीला लावलं, आणि शामूकडे डोळ्यानं खुणावत विचारलं, "निन्न गेळ्या कुडितानेन?"

मल्लाप्पा रवळूच्या तोंडाकडे बघायला लागला.

रवळूच्या घशात हौद्री येऊन बसलं. ते नेहमीसारखं आपसूक वर चढत होतं, जिभेच्या टोकावर आलं होतं. म्हातारा चांगलंच काहीतरी विचारत असणार. मित्र चांगला आहे का, कामाचा आहे का. हौद्री म्हटलं की सुटलो! त्यानं शामूकडे बघितलं. शामूचा चेहरा पांढराफटक पडला होता. विहिरीच्या काठावर ह्याचा चेहरा असाच होता, रवळूला आठवलं. त्यानं ते हौद्री कडू औषधासारखं गिळलं.

"आज्जा," तो म्हणाला, "मला कळलं न्हाय. मला कानडी येत न्हाय."

मामांच्या हातातला घास अखेर खाली पडला.

यमनाप्पानं काठी खाली घेतली. मग अस्सल मराठीत म्हणाला, "तुझा दोस्त दारू पितो का, असं इचारलं मी."

रवळू मटकन खाली बसला. हौद्री म्हणालो असतो तर! "न्हाय आज्जा! देवाशपथ न्हाय! ताकसुद्धा सोसत न्हाय त्याला!"

"आं? म्हंजे तुमास्नी मराठी येतंय?" मामा ओरडले.

"न येऊन कसं चालंल?" मल्लाप्पा जरा रागानंच म्हणाला. "निपाणीच्या बाजारात जन्म गेला. पर पावनाच कानडी बोलाय लागला, मग आपण मराठीत बोलून त्याचा मान कसा मोडायचा? लई अवघड कानडी हो तुमचं. काय इचारलं तरी हौद्री!"

पदराआडून अंजनी फिसकन हसली. ती हसली आणि शामूनं त्या दिवशी पहिल्यांदा मान वर केली. यमनाप्पानं ते बघितलं.

"एक दुसऱ्याचा मार खायाला उठला. दुसऱ्यानं त्योबी परत मागून घेतला," तो म्हणाला. "अशी माणसं गोकाकासनं येणार न्हाईत. काय गं अंजने?"

"कांडी गटारात पाडणारा ह्योच तो," अंजनी मराठीत म्हणाली आणि आत पळाली. ह्याला होकार म्हणतात, हे शामू सोडून सगळ्यांना कळलं.

भरमू बांबू घेऊन मागच्या मागं सटकत होता. म्हाताऱ्यानं त्याला हाक मारली. "कुठं न्हेतोस? ठेव तितंच. माझ्या नावानं तोडलंस न्हवं? मग माझ्याच दारात लागू देत. मांडवाला लागतीलच की."

दिवस कलायला लागला तेव्हा तिघं परत निघाले. मामा पुढं तावातावानं चालत होते. एक बैलगाडी मागून आली. गाडीवाल्यानं कासरा ओढून विचारलं, "नडकोंत होंटीरेन?"

"हौद्री!" रवळू म्हणाला. गाडी निघून गेली.

"काय इचारलं रं त्यानं?" मामांनी वळून विचारलं.

रवळूनं जीभ चावली. "कळलं न्हाय."

"चालत निघालाय काय, असं इचारलं असंल, मुडद्या! गाडीत बसवून न्हेलं असतं की!" मामा कडाडले, आणि एकटेच झपाझप पुढं गेले. रवळू खाली मान घालून शामूबरोबर चालत राहिला.

"शाम्या, आज माझ्यापायी तुझं वाटोळं झालं असतं. मला कानडी येत न्हाय रं."

"म्हायती हाय."

"कवापासनं?"

"हिरीतनं काढला तवापासनं. तुला काय येत न्हाय, ते मला म्हायती नसंल व्हय?"

रवळू रस्त्यातच थांबला. "मग सकाळी मामाच्या म्होरं मुद्दाम कशाला इचारलंस?"

शामूनं अंगठ्यानं माती उकरली. "मामा म्हणाला हुता, कानडी येणारा एकच माणूस संगं घ्यायचा. मला एकट्याला लई भ्या वाटत हुतं. म्हटलं, इचारलं तर तू काय न्हाय म्हणणार न्हाईस."

रवळूनं त्याच्याकडे डोळे फाडून बघितलं. मग पाठीत एक सणसणीत धपाटा घातला. दोघं मामांना गाठायला भराभर चालायला लागले. थोडं पुढं गेल्यावर रवळू म्हणाला, "पर आज म्हणालो की रं मी. न्हाय म्हणून."

"व्हय," शामू म्हणाला. "आज म्हणालास."