चौदा नंबरची सुई

चौदा नंबरच्या सुईचं नेढं अर्ध्या मिलिमीटरहूनही अरुंद असतं. शनिवारी दुपारी त्यातून दोरा ओवायला बाबांना सात वेळा प्रयत्न करावा लागला. मागच्या वर्षी तीनदाच करावा लागायचा. लेकीने मोजलं आणि नेहमीप्रमाणे ती काही बोलली नाही. पडद्यावरचं बटण एका पिक्सेलने सरकलं तरी तिच्या डोळ्यांत खुपायचं. वेबसाइट लिहिणं हा तिचा पेशाच होता.

खाली बाबांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान, वर घर. तीन वर्षांपूर्वी बाबांनी दुकानासाठी वेबसाइट मागितली, तेव्हा तिने नाक मुरडलं होतं. "तयार साच्यातली नाही हं, बाबा. साच्यातून विटा काढतात. मी स्वतः लिहीन, ओळ न् ओळ." मग कधी बाबांना रंग पटेना, कधी तिला स्वतःच लिहिलेला पाया कच्चा वाटे. वेबसाइट काही होईना.

"तीन वर्षांत पोर चालायला लागतं, बोलायला लागतं, शाळेत जातं," आत्या म्हणाली. "तुझी वेबसाइट अजून पालथीसुद्धा पडेना, इंजिनियरीणबाई!"

हे मात्र झोंबलं. रविवारी अभिमान गिळून ती वेबसाइटचे तयार साचे देणाऱ्या एका सेवेवर गेली. तिथे केशकर्तनालयापासून वकिलापर्यंत सगळ्यांसाठी साचे होते, शिलाई मशीनसाठी नव्हता. त्यातल्या त्यात नीटस होता तो दंतवैद्याचा. कापड सरकवायला मशीनलाही दात असतातच, अशी तिने मनाची समजूत घातली.

'आमचे तज्ज्ञ' या भागाला चार फोटो हवेच होते. एक काढला की उरलेले चेहरे परातीएवढे होत. म्हणून बाबा, आत्या, ती स्वतः आणि पुन्हा बाबा, टोपी घालून. 'वेळ ठरवा' हे बटण काढताच येईना, फक्त लपवता येत होतं. तिने ते लपवलं, आपल्या मोठ्या पडद्यावर दोनदा तपासलं आणि संध्याकाळी सहाला वेबसाइट सुरू करून टाकली. 'आधी मोबाइलवर बघा' असं ऑफिसात ती सगळ्यांना बजावत असे. घरी तेवढंच नेमकं राहिलं.

मोबाइलवर ते बटण ठळक दिसत होतं. वर साच्यातला मूळ मजकूर होता: 'वेदनारहित उपचार. पहिली तपासणी मोफत.'

सोमवारी अकराला दुकानाच्या बाकावर मशीन घेऊन आलेल्या दोन शिंपिणी बसल्या होत्या आणि त्यांच्या शेजारी गाल सुजलेला एक माणूस.

"कोणतं मॉडेल?" बाबांनी विचारलं.

"अक्कलदाढ," तो कण्हला.

"अगं ए, खाली ये!" आत्या जिन्यात ओरडली. "तुझ्या वेबसाइटला दाढा फुटल्यात!"

ती लॅपटॉप घेऊन धावतच उतरली. संध्याकाळी सातपर्यंत दर अर्ध्या तासाला एक माणूस येणार होता. हे थांबवायचं तर सेवेने मालकाच्या मोबाइलवर पाठवलेले सहा आकडे भरावे लागणार होते. मालक म्हणजे बाबा.

"वाचा, बाबा."

बाबांनी मोबाइल आधी हातभर लांब धरला, मग नाकाशी, मग उजेडाकडे तिरपा केला. "चार, सात, तीन, एक, एक, नऊ."

चुकलं.

"मग तिसरा आठ असेल."

तेही चुकलं. तिसऱ्यांदा चुकल्यावर सेवेने उद्यापर्यंत दार लावून घेतलं. मोबाइल तिच्यापासून वीतभर अंतरावर होता. हात पुढे करून तिला आकडे वाचता आले असते. पण तो हातातून घेणं म्हणजे बोलून टाकण्यासारखंच होतं. तिने घेतला नाही.

"मिस्त्री, माझी मशीन तरी लावून द्या," थोरली शिंपीण म्हणाली. "दोरा तुटतोय, एवढंच."

बाबांनी ताण सैल केला, सुई बदलली. ते सगळं त्यांची बोटं न बघताच करत होती. मग त्यांनी दोऱ्याचं टोक ओलं केलं, चिमटीत वळलं आणि नेढ्याकडे नेलं. अख्खा बाक पुढे झुकून बघू लागला. नवव्या प्रयत्नाला लेकीने मोजणं सोडून दिलं.

दाढवाला उठला. गालावरचा हात न काढता त्याने दोरा घेतला आणि एका फटक्यात ओवला.

"माफ करा," तो ओशाळून म्हणाला. "माझा नंबर लवकर लागावा म्हणून."

"बाबा रे, इथे नंबर लागून तुझी दाढ नाही निघायची," आत्या म्हणाली आणि बाक खळखळून हसला. बाबा सगळ्यांच्या नंतर हसले. हसता हसता त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. बराच वेळ पुसत राहिले.

"तीन वर्षं मी रंग का बदलायला लावत होतो, कळत होतं ना तुला?" त्यांनी हळूच विचारलं.

"हो, बाबा. वेबसाइट झाली असती तर गिऱ्हाइकं आली असती, आणि त्यांच्यासमोर रोज सुई ओवावी लागली असती." तिने लॅपटॉप मिटला. "मीही मुद्दामच पूर्ण करत नव्हते."

शिंपिणीने मशीनवर चिंधी चालवून पाहिली. टाके एकसारखे, सरळ पडले. "झकास! दुसरी उद्या आणू का, मिस्त्री?"

बाबांनी चष्म्याची घडी घातली आणि तो खिशात ठेवला.

"नको," ते म्हणाले. "मला आता दिसत नाही. दुकान बंद करतोय मी."