पिक्सलरावांचा डबा

कुंदाताई माणसांना अरे-तुरे करतात आणि जनावरांना अहो-जाहो. माझी पन्नाशी कधीच उलटली आहे, ऑफिसात माझ्या हाताखाली आख्खा विभाग आहे, पण जिन्यात भेट झाली की "काय रे श्रीकांता, पोट किती सुटलंय तुझं!" हे मला चारचौघांत ऐकून घ्यावं लागतं. त्याच वेळी पायरीवर आडव्या पसरलेल्या भटक्या कुत्र्याला मात्र त्या म्हणतात, "आपण जरा सरकून घेता का? गुडघे दुखतात हो माझे." कुत्रं सरकतं. मी पोट आत घेतो.

एकदा धीर करून मी याचं कारण विचारलं.

"माणसाला मान दिला की तो लगेच खुर्ची मागतो," त्या म्हणाल्या. "कुत्र्यानं मागितलेली बघितली आहेस कधी?"

मी नाही म्हणालो. त्यांच्यापुढे नाही म्हणण्याची संधी एवढीच मिळते.

कुंदाताईंची सगळी नोकरी मुलींच्या वसतिगृहात रेक्टर म्हणून गेली. निवृत्त होऊन त्या आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत राहायला आल्या आणि येताना वसतिगृह बरोबर घेऊन आल्या. आमच्या मजल्यावर तीन फ्लॅट आहेत, त्यांच्या हिशेबी त्या तीन खोल्या. बेल त्या वाजवत नाहीत. बोटांची हाडं दारावर आपटतात, आणि तो आवाज आला की माझी बायको मेधा आधी टीव्ही बंद करते आणि मग दार उघडते. मंडईतून येणाऱ्याच्या पिशवीत डोकावून "भेंडी जून आहे, परत कर" असं सांगणं हा त्यांचा रोजचा कार्यक्रम. "जिन्यातला दिवा बदलशील का?" असं विचारतात आणि आपण सबब शोधेपर्यंत पुढचं वाक्य येतं, "हा प्रश्न नव्हता."

आमच्या मजल्यावरच्या तिसऱ्या फ्लॅटमध्ये रोहन आणि ऋतुजा राहतात. दोघंही आयटीतले, लग्नाला फार वर्षं झालेली नाहीत. त्यांचा एक राखाडी बोका आहे, नाव पिक्सल. कुंदाताईंनी पहिल्याच दिवशी त्याचं पिक्सलराव करून टाकलं. पिक्सलरावांसाठी जेवण खोक्यातून यायचं. रिकाम्या डब्या कचऱ्याच्या बादलीशेजारी दिसल्या की कुंदाताई चष्मा लावून त्यावरचा मजकूर वाचायच्या. "श्रीकांता, सामन मासा आणि भोपळा! हे तुझ्यापेक्षा बरं जेवतात."

मग आयटीतल्या नोकऱ्या जायला लागल्या. रोहनची गेली, ऋतुजाचा पगार निम्म्यावर आला. हे आम्हाला कोणी सांगितलं नाही, आमचं आम्हीच ओळखलं. पार्किंगमधली त्यांची गाडी दिसेनाशी झाली. भर दुपारी रोहन हातगाडीवर कोथिंबिरीच्या जुडीसाठी घासाघीस करताना दिसायला लागला. खोकी बंद झाली. सगळ्या बिल्डिंगनं ओळखलं आणि एकानंही विचारलं नाही. न विचारणं यालाच आमच्याकडे सभ्यपणा म्हणतात.

पिक्सलरावांना हा सभ्यपणा ठाऊक नव्हता. ते बाल्कनीच्या ग्रिलमधून अंग चोरून बाहेर पडायचे आणि कोणाच्याही ओट्यासमोर जाऊन बसायचे. अंगावरची तकाकी गेली होती, बरगड्या दिसत होत्या. एके सकाळी ते कुंदाताईंच्या स्वयंपाकघरात चक्क कोरडी पोळी खाताना सापडले. मांजर कोरडी पोळी खातंय म्हटल्यावर कुंदाताईंमधली रेक्टर खडबडून उठली आणि समोरच्या दारावर हाडं आपटली गेली.

रोहननं दार उघडलं. मी जिन्यातच होतो, त्यामुळे ऐकणं भाग होतं.

"पिक्सलराव उपाशी आहेत."

"नाही हो काकू, ॲक्च्युअली तो डाएटवर आहे. थोडा ओव्हरवेट झाला होता."

"कोण ओव्हरवेट? हाडं मोजता येतात त्यांची! सांभाळता येत नाही तर पाळता कशाला रे?"

रोहननं दार हळूच लावून घेतलं. कुंदाताईंचा आवाज मात्र वसतिगृहाच्या गच्चीपासून फाटकापर्यंत पोचण्यासाठी घडवलेला. ते वाक्य जिन्यातून घरंगळत पहिल्या मजल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी कुलकर्णी यांच्या कानापर्यंत गेलं, आणि तिथे ते नीट जपून ठेवलं गेलं.

त्याच संध्याकाळी कुंदाताईंनी समोर दहीभाताचा डबा पोचता केला. स्टीलचा, घट्ट झाकणाचा, झाकणावर त्यांचं नाव कोरलेलं. "पिक्सलरावांसाठी," एवढंच म्हणाल्या.

आता भांडं घरात आलं की ते रिकामं परत करायचं नाही, ही रीत रोहन आणि ऋतुजाच्या घरीही शिकवलेली. पहिल्यांदा डबा परत आला त्यात कुठल्याशा जुन्या परदेशवारीतली दोन चॉकलेटं होती. पुढच्या वेळी बिस्किटं आली. मग मूठभर शेंगदाणे. मग साखर, वाटीभर. मग साखर, चमचाभर. आणि एक दिवस डबा आला तो लख्ख घासलेला, कोरडा पुसलेला, आत बाल्कनीतल्या कुंडीतलं मोगऱ्याचं एक फूल.

"श्रीकांता, इकडे ये," दारातूनच कुंदाताईंनी हाक मारली. उघडा डबा त्यांनी माझ्यापुढे धरला. "काय दिसतंय?"

"फूल आहे. छान वास येतोय."

"यांच्या घरातली साखर संपली आहे."

मी फुलाकडे बघत राहिलो. कुंदाताई आत जाऊन खुर्चीवर बसल्या. त्यांचा आवाज इतका खाली आलेला मी कधी ऐकला नव्हता. "माझ्या मुली सांगायच्या, आज भूक नाही. कधी म्हणायच्या, उपास आहे. उपास कसले? घरून पैसे आलेले नसायचे. चेहरा बघून ओळखायचे मी. आणि इथे समोरच्या दारात उभी राहून मी बोक्याच्या बरगड्या बघत बसले. त्या पोराचा पट्टा बघितलास? नवीन भोक पाडलंय."

"मग आपण सरळ विचारूया का?" मी म्हणालो.

"अजिबात नाही. सरळ विचारलं तर सरळ नाही म्हणेल."

दुसऱ्या दिवसापासून पिक्सलरावांच्या आहारात आमूलाग्र सुधारणा झाली. त्यांच्यासाठी मटकीची उसळ गेली. पोळ्या गेल्या, तूप लावून. भरली वांगी गेली, कढी गेली, आणि रविवारी मसालेभात गेला. एका डब्याचे दोन झाले. हे सगळं देताना कुंदाताई आख्ख्या जिन्याला ऐकू जाईल असं बोलायच्या. "पिक्सलरावांना मसालेभातावर खोबरं लागतं, म्हणून वेगळं दिलंय. आणि लिंबू त्यांनी जेवताना पिळायचं."

रोहनही काही कमी नव्हता. रिकामा डबा परत देताना तो गंभीर चेहऱ्यानं सांगायचा, "काकू, त्याला वांगी फार आवडली. फक्त तिखट थोडं कमी चालेल म्हणाला."

"त्यांना सांग, ताक प्यायचं वरून."

"सांगतो."

डब्यात आता दर वेळी मोगरा असायचा. मोगऱ्याला फुलं आली नाहीत तेव्हा तुळशीची मंजिरी आली.

मेधाच्याही हे लक्षात आलं आणि आमच्या घरूनही पिक्सलरावांसाठी बटाट्याच्या काचऱ्या जायला लागल्या. फक्त कुलकर्ण्यांच्या डोक्यात प्रकाश पडेना. ते एकदा जिन्यात कुंदाताईंना म्हणाले, "अहो, मांजराला मसालेभात घालता? मरेल ते!"

"तू मेलास का? गेल्या गणपतीत तीनदा वाढून घेतला होतास."

प्रत्यक्ष बोक्याची सोय कुंदाताईंनी स्वतःच्या बाल्कनीत केली होती. ज्या घरात कधी अंडंसुद्धा शिरलं नव्हतं तिथे सुकट आली. ती आणायचं काम माझ्याकडे. ("सुकट आणशील का? हा प्रश्न नव्हता.") सुकटीसाठी वेगळं पातेलं, वेगळा चमचा. नाकाला पदर लावून त्या ती शिजवायच्या आणि भातात कालवून पुढ्यात ठेवायच्या. "आपण जेवून घ्या. माझ्याकडे बघू नका, मला मळमळतंय." पिक्सलराव बघायचे नाहीत. बघता बघता त्यांच्या बरगड्या दिसेनाशा झाल्या.

असे दोनेक महिने गेले. आणि मग धष्टपुष्ट पिक्सलरावांनी कुलकर्ण्यांच्या स्वयंपाकघरात शिरून दुधाच्या पातेल्यात तोंड घातलं. कुलकर्ण्यांना जपून ठेवलेलं वाक्य वापरायची संधी मिळाली. ते वर आले, रोहनला दारात बोलावून त्यांनी सुनावलं, "सांभाळता येत नाही तर पाळता कशाला? हे मी म्हणत नाही, तुमच्या शेजारणीनंच म्हटलेलं आहे. एक तर मांजराची व्यवस्था करा, नाही तर मी प्राण्यांच्या संस्थेला फोन करतो. येऊन घेऊन जातील."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कुंदाताईंकडे त्यांचा मिक्सर बघत होतो (बघ म्हणाल्या होत्या, तो प्रश्न नव्हता). दार उघडंच होतं. रोहन आला. हातात जाळीदार झाकणाची बास्केट, आत पिक्सलराव. पोरानं दाढी केलेली नव्हती.

"काकू, तुम्ही याला ठेवून घ्याल?"

कुंदाताई कणीक मळत होत्या. त्यांनी वर पाहिलं.

"नोकरीचं अजून काही होत नाहीये. कुलकर्णी काका बोलले ते बरोबरच आहे. तुम्हीही तेच म्हणाला होतात. मला नाही सांभाळता येत. संस्थेत पिंजऱ्यात राहण्यापेक्षा तुमच्याकडे... तसाही तो जेवतो इथेच. तोंडाला सुकटीचा वास येतो त्याच्या."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"काकू, बोका मटकीची उसळ खात नाही."

मला हसू आलं. त्या दोघांना आलं नाही, म्हणून मी मिक्सरमध्ये डोकं घातलं.

"मी त्यांना घेणार नाही," कुंदाताई म्हणाल्या.

रोहनचा चेहरा उतरला. त्याला वाटलं होतं, बाकी कोणी नाही तरी ही बाई नक्की हो म्हणेल. मलाही तसंच वाटलं होतं.

"मी बोलले ते चुकीचं होतं. त्या दिवशी मला कळलं नव्हतं. ते वाक्य मी मागे घेते, कुलकर्ण्याला खाली जाऊन सांगते, आणि फोन कर म्हणावं कोणाला करायचाय तो, मी बसते दारात. पण पिक्सलरावांना घेणार नाही. ते माझ्याकडे आले तर डबा कोणाच्या नावानं पाठवू?"

रोहन खाली मान घालून म्हणाला, "काकू, तुम्ही आमच्यासाठी किती करायचं? आम्ही तुमचे कोण? दोन्ही वेळा दोन-दोन डबे. तुमच्या गुडघ्यांना उभं राहवत नाही."

कुंदाताई पुन्हा कणीक मळायला लागल्या. आमच्याकडे पाठ होती.

"मी दोनशे मुलींचं जेवण रांधून घेतलेलं आहे रे. एकटीसाठी कूकर लावायचा म्हटलं की मला नकोसं होतं. इथे आल्यापासून सकाळी पोहे आणि रात्री तेच उरलेले पोहे. कधी चहा-बिस्किट. कोण बघतंय? सगळ्यांच्या पिशव्या तपासत फिरायचे, पण माझ्या घरात भाजीच येत नव्हती. तुझा बोका आला आणि मी पोळ्या लाटायला लागले. गेले दोन महिने मी दोन्ही वेळा ताटावर बसून जेवते आहे." त्यांनी मनगटानं नाक पुसलं. "तेवढं बंद करू नकोस."

त्यांच्या आणि आमच्या घरात एकच भिंत आहे. त्या भिंतीपलीकडे इतकी वर्षं पोहे चालले होते आणि आम्ही टीव्ही बंद करून दार उघडत होतो.

रोहननं बास्केट खाली ठेवली आणि झाकण उघडलं. पिक्सलराव बाहेर आले, आळस देऊन थेट बाल्कनीत गेले. रोहन ओट्याजवळ गेला, हात धुतले.

"काकू, आज डबा भरू नका. ताटं कुठे आहेत?"

"वरच्या फळीवर. ऋतुजाला हाक मार आधी. श्रीकांता, तूही बस, मेधाला बोलाव."

रोजच्या वापरातलं एक ताट तेवढं बाहेर होतं. बाकीची सगळी वरच्या फळीवर होती, कुंदाताई इथे राहायला आल्या तेव्हाच्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेली, सुतळीची गाठही तशीच. रोहननं ती खाली काढली, गाठ सोडवली आणि एकेक ताट धुऊन माझ्याकडे पुसायला दिलं.