दादाला आधी कळतं!

कॉम्प्युटरच्या बाबतीत आमच्या घरात माझा हात धरणारा कोणी नाही. आता घरात माणसं तीनच, आणि त्यातल्या दोघांना स्वतःचा पासवर्ड आठवत नाही, ही गोष्ट वेगळी!

तर झालं असं, की गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी काका आमच्याकडे राहायला आले. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. ते ऑपरेशनला तयार व्हावेत म्हणून आम्ही इतक्या विनवण्या केल्या होत्या, की तेवढ्यानं दगडालाही पाझर फुटला असता. शेवटी "करतो रे, करतो!" म्हणाले एकदाचे. तारीख ठरली. आणि नेमकी त्याच आठवड्यात क्रिकेटची मालिका सुरू झाली!

दोघा भावांना कॉमेंट्री हवी. बाबांना हॉलमध्ये आरामखुर्चीत, काकांना मागच्या खोलीत पाय लांब करून. बाबांच्या कॉम्प्युटरवर एक कॉमेंट्री, काकांच्या जुन्या लॅपटॉपवर दुसरी, आणि मधे स्वयंपाकघरात बायको.

"माझ्या एका कानात ओव्हर संपते आणि दुसऱ्यात सुरू होते," ती म्हणाली. "अहो, काहीतरी करा!"

"साउंड सर्व्हर!" मी चुटकी वाजवली. "गच्चीवरची टाकी असते ना, तसं समज. आवाज एका कॉम्प्युटरमध्ये भरायचा आणि नळ प्रत्येक खोलीत!"

"आपली टाकी गळते," बायको म्हणाली.

मी तिकडे दुर्लक्ष केलं आणि कामाला लागलो. आधी आवाज कुठेच येईना. मग आला, तो पिंपात बसून कुणी बोलावं तसा. पण संध्याकाळपर्यंत दोन्ही खोल्यांत एकच कॉमेंट्री घुमू लागली! काकांच्या लॅपटॉपवर ती चार-पाच सेकंद उशिरा पोचत होती. म्हटलं, एवढ्याशा उशिरानं काय बिघडतंय?

दुसऱ्या दिवशी सामना सुरू झाला.

"गेला! त्रिफळा!" बाबा हॉलमधून गरजले.

काकांच्या खोलीत गोलंदाज अजून धावत होता. मग दांडी उडाली. थोड्या वेळानं बाबा ओरडले, "चौकार!" आणि काकांकडे मागाहून चौकार गेला. काकांनी मला हाक मारली. त्यांचे डोळे बशीएवढे झाले होते.

"अरे, दादाला आधी कळतं!"

"काका, तसं नाही. आवाज उशिरा येतोय, तो लॅग आहे."

"लागतंय ना! अचूक लागतंय त्याचं भाकीत!" आणि मी पुढे काही बोलायच्या आत त्यांनी हॉलकडे तोंड करून आवाज दिला, "दादा, मी ऑपरेशन करू का रे?"

तिकडे एक फलंदाज नसती धाव काढायला पळत सुटला होता. बाबा खुर्चीतून अर्धे उठून ओरडत होते, "नको! नको! अरे, नको रे, मरशील!"

झालं! काकांनी फोन उचलला. "हॉस्पिटल ना? माझं ऑपरेशन रद्द करा. कारण? वरून सांगणं आलंय."

मी धावत हॉलमध्ये गेलो. बाबांना ओढत आणलं. "बाबा, सांगा यांना, तुम्ही कुणाला म्हणालात ते!"

"त्या फलंदाजाला! झाला ना गाढव धावबाद!"

"बघ," काका माझ्या कानात म्हणाले, "खरी थोर माणसं कबूल करत नाहीत."

आता आकडे बदलून उशीर कमी करणं भाग होतं. घाईघाईत मी एक शून्य जास्त दाबलं, आणि उशीर काकांकडून उठून बाबांच्या स्पीकरवर जाऊन बसला! पाचच मिनिटांत मागच्या खोलीतून काका कडाडले, "षटकार!" नंतर हॉलमध्ये षटकार गेला. बाबा पांढरेफटक होऊन मागच्या खोलीत धावले!

"अरे, आता याला कळतंय!"

"दादा," काका हळूच म्हणाले, "मघाशी तू खोलीत आलास ना, तेव्हाच अंगावर काटा आला होता माझ्या."

तेवढ्यात बायको आली. ओले हात पदराला पुसले, काकांचा लॅपटॉप उचलला आणि हॉलमध्ये बाबांच्या कॉम्प्युटरशेजारी आणून ठेवला. एकच चेंडू दोनदा पडला. एकच माणूस दोनदा बाद झाला.

"कळलं?" ती म्हणाली. "हा पुढे, तो मागे. यात कुणाचंही थोरपण नाही. यांचं तर अजिबातच नाही!" तिनं माझ्याकडे बोट दाखवलं.

दोघे भाऊ ओशाळले. काकांनी पुन्हा फोन लावला. पलीकडची बाई शांतपणे म्हणाली, "तारीख आहे तशीच आहे. गुडघेवाले सगळेच एकदा रद्द करतात, म्हणून आम्ही लगेच खोडत नाही."

माझा जीव भांड्यात पडला. त्या दिवशी मी नेटानं बसून सगळ्यांचा आवाज त्या जुन्या लॅपटॉपइतकाच मागे आणला. पुढच्या सामन्याला दोन्ही खोल्यांतून एकाच क्षणी "चौकार!" उठला. मी मधल्या दारात छाती काढून उभा!

आणि शेजारच्या भिंतीपलीकडून दाताचे डॉक्टर ओरडले, "आऊट!"

आमच्या दोन्ही खोल्यांत गोलंदाज अजून चेंडू पुसत होता. मग फलंदाज बाद झाला. दोघे भाऊ भिंतीकडे वळले.

"शेजारी तुझा सर्व्हर आहे?" काकांनी विचारलं.

"नाही, पण..."

"मग?"

तोवर बाबांनी पायात चपला सरकवल्या होत्या, आणि काका काठी टेकत त्यांच्या मागे निघाले होते. "दादा, थांब की! डावा गुडघा आधी करू की उजवा, एवढंच विचारायचंय त्यांना!"